नऊ सेकंदांचं येणं

रा. रा. कुलूपवाले महोदय यांसी,

सा. न. वि. वि.

आपलं नाव, गाव, पत्ता मला ठाऊक नाही. आपण ठेवून गेलेल्या चिठ्ठीत फक्त दोन ईमेल पत्ते होते. तरीही मायना पुरता लिहिते आहे, कारण आपली चिठ्ठी फार अदबीची होती. काळजी करू नका, सगळ्या फाइली परत मिळतील, असा धीर आपण पहिल्याच ओळीत दिला होतात. घर लुटून जाताना उंबऱ्यावर धीराचे चार शब्द ठेवून जाणारा माणूस आमच्या गल्लीत आजवर कुणी पाहिलेला नाही. तेव्हा उत्तरही त्याच अदबीनं द्यावं असं ठरवलं.

मी मिरजेत राहते आणि घरीच डीटीपीचं काम करते. एकोणीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, पीएचडीचे प्रबंध, दशक्रियेची कार्डं. एक संगणक, एक प्रिंटर, प्रुफांचा गठ्ठा. आमचं घर त्या एका संगणकावर चालतं, आणि आपण नेमका तोच निवडलात. फाइली कोंडून खंडणी मागणाऱ्या आपल्या कुलपाला या क्षेत्रातले जाणकार ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हू’ म्हणतात. मोठ्या कंपन्या आणि बँकांकडे जाणारे आपले व्यवसायबंधू वेगळे. आपण २०१८ पासून आमच्यासारख्यांच्या घरी येता. आमच्याकडे संगणक सांभाळायला पगारी माणूस नसतो, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. गरिबाघरच्या या अगत्याबद्दल आपले आभार कसे मानू?

पहिले आभार माझ्या भाच्याच्या वतीनं. २०२२च्या दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याकडे राहायला आला होता. दहावीचं वर्ष. शाळेच्या प्रकल्पासाठी त्याला फोटो नीट करायचे होते, आणि त्या कामाचं सॉफ्टवेअर आम्हाला परवडणारं नव्हतं. त्यानं वर्गातल्या मुलांना विचारून क्रॅक, म्हणजे फुकटात चालणारी चोरटी प्रत, शोधला. सोबत आपल्या सूचना होत्या. अँटिव्हायरस या फाइलवर उगाच ओरडतो, तेव्हा आधी तो बंद करा. पोरानं बंद केला. शाळेत सूचना वाचून पेपर लिहायला शिकवतात, त्यानं तसंच केलं. आपल्याला दार फोडायचे कष्ट पडले नाहीत. आतून कडी काढायला आपण घरातलं लेकरू शोधलंत.

त्यानंतरची आपली शालीनता तर मी जन्मात विसरणार नाही. पडद्यावर विंडोज अपडेट होत असल्याची एक खिडकी आली. मी स्वयंपाकघरात होते. भाच्यानं विचारलं, “मावशी, अपडेट होतंय, बंद नको ना करू?” मी म्हटलं, “होऊ दे.” अपडेट वेळेवर करावं हे मीच त्याला शिकवलेलं. त्या खोट्या खिडकीच्या मागं आपण माझी एकेक फाइल बंद करत होतात आणि आम्ही दोघं, संगणकाचं भलं चाललंय अशा समजुतीनं, त्याला हात न लावता बसलो होतो.

अर्ध्या तासानं मी एका पत्रिकेचं प्रूफ काढायला बसले. फोल्डर उघडलं तर सगळ्या फाइलींची चित्रं कोरी, पांढरी. प्रत्येक नावाच्या शेवटी चार इंग्रजी अक्षरांचं एक शेपूट, कुठल्याच भाषेत अर्थ नसलेलं. ‘कुलकर्णी-पाटील विवाह अंतिम’, पुढे शेपूट. ‘प्रकरण ४ दुरुस्त’, पुढे शेपूट. मी माउसचं चाक फिरवत खाली खाली जात राहिले. एखादी तरी फाइल सुटली असेल असं वाटत होतं. प्रत्येक फोल्डरमध्ये आपली ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी मात्र बिनचूक होती.

तेवढ्यानं आपलं समाधान झालं नव्हतं, हे दहा मिनिटांनी कळलं. माझ्याकडे चालू कामाच्या प्रती एका पेनड्राइव्हवर असायच्या. घाबरून मी तो लावला. त्यावरच्या फाइलींनाही माझ्या डोळ्यांदेखत शेपटं फुटली. आपण दर पाच मिनिटांनी गस्त घालायला मागं पहारेकरी बसवून गेला होतात, हे मला नंतर समजलं. विंडोज स्वतःहून मागच्या तारखांच्या प्रती ठेवतं, त्या आपण आधीच पुसल्या होत्या. मदत शोधायला गेले तर सुरक्षेची माहिती देणारी संकेतस्थळं त्या संगणकावर उघडेनात. ते रस्तेही आपण बंद केले होते. विहिरीत ढकलायचं, दोर कापायचा आणि हाक ऐकू जाऊ नये म्हणून वर झाकण ठेवायचं. इतकं मन लावून काम करणारा कारागीर मला माझ्या धंद्यात कधी मिळाला नाही.

आणि व्यवहारात तरी किती उदार! किल्लीची किंमत ९८० डॉलर, पण ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी, ४९०. त्या वेळच्या दरानं चाळीस हजारांच्या आसपास. तुळशीच्या लग्नानंतर माझा हंगाम सुरू होतो. सगळी पत्रिकांची कामं धरली तरी तेवढे हातात यायला दोन महिने लागतात. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट सोडवून देण्याचीही आपली तयारी होती. अट एकच, त्या फाइलमध्ये मौल्यवान काही असता कामा नये. ही अट मी दोनदा वाचली. कुठली फाइल आपल्या मोलाची नाही हे मी ठरवावं, आणि तीच आपण सोडवून द्यावी!

आपल्या दयाबुद्धीलाही दाद दिली पाहिजे. काम सुरू करण्याआधी आपलं कुलूप संगणक कोणत्या देशात आहे ते तपासतं. रशिया, बेलारूस, युक्रेन, कझाकस्तान, आर्मेनिया अशा काही देशांत असेल तर कशालाही हात न लावता निघून जातं. त्या यादीत सीरियासुद्धा आहे. म्हणजे दुसऱ्याच्या घरातली नासधूस आपल्याला कळते. कुणाला सोडायचं हे आपण बसून, विचार करून ठरवलेलं आहे. भारत त्या यादीत नाही, हेही ठरवूनच.

जाताना आपण पासवर्ड चोरणारा आपला सोबती घरात सोडून जाता, असं वाचलं. ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड हा उचलतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. त्या रात्री मी संगणकाची वायर काढली आणि फोनवरून बँकेचा, मेलचा, वीजबिलाचा, सगळे पासवर्ड एक वाजेपर्यंत बदलत बसले. बँकेचा बदलताना हात कापत होता. फाइली गेलेल्या डोळ्यांना दिसतात. हा सोबती काय काय घेऊन गेला, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता जरा अदब बाजूला ठेवून बोलते, महोदय.

आपण माझ्या घरातल्या पोराला चोर ठरवलंत. माझी बहीण आणि दाजी त्याच संध्याकाळी आले. दाजी रागीट नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी त्याला सगळ्यांसमोर फाडफाड बोलून घेतलं. फुकटचं खायची सवय, मावशीच्या पोटावर पाय दिलास, असं काहीबाही. पोरगं भिंतीला टेकून उभं होतं. लाडू-चकल्यांचं ताट तसंच राहिलं. रात्री मी उठले तेव्हा तो संगणकासमोर अंधारात बसला होता, आणि संगणक बंद होता. मला म्हणाला, “मावशी, माझ्यामुळं गेलं ना सगळं?”

क्रॅक वापरायला नको होता, हे खरंच. मी त्याला तसं सांगितलं आणि त्याला ते पटलंही. पण पंधरा वर्षांच्या मुलाची चूक आणि आपला धंदा यांना एका तराजूत घालायला मी तयार नाही. आपल्या हाती सापडलेल्या किती घरांत त्या रात्री अशीच बोलाचाली झाली असेल! नवऱ्यानं बायकोला, बापानं मुलाला, मालकानं कामावरच्या पोरीला बोल लावले असतील. चोर दूर कुठेतरी बसलेला आणि घरातली माणसं एकमेकांकडे बोट दाखवणारी. माझ्या फाइलींपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

माझ्याकडे तेव्हा एका मुलीचा प्रबंध होता. ऊसतोड करणाऱ्या बायकांवर तिनं पाच वर्षं काम केलं होतं. फडावर जाऊन, पालात राहून. हस्तलिखित वह्या तिच्याकडे होत्या, टंकलेलं सगळं माझ्याकडे. मी प्रुफं मेलनं पाठवते म्हणून तीन प्रकरणं मेलमधून परत मिळाली. उरलेली दोन मी रात्री बसून पुन्हा टाइप केली. एकोणीस रात्री लागल्या. ती मुलगी पैसे भरायला तयार होती, मंगळसूत्र गहाण ठेवते म्हणाली. मी नको म्हटलं. ते चाळीस हजार पुढच्या घराच्या कुलपाचं भांडवल झालं असतं, आणि इतके पैसे घेऊन आपण किल्ली द्यालच याला आपल्या शब्दाशिवाय दुसरा आधार काय होता?

एका गोष्टीबद्दल मात्र आपले आभार मनापासून आहेत. घर सांभाळायला आपण मला शिकवलंत. आता माझ्याकडे बाहेरच्या दोन हार्डडिस्क आहेत. दोन्ही एका वेळी कधीच संगणकाला लागत नाहीत, आणि एक कायम बहिणीच्या घरी असते. ज्या प्रतीपर्यंत तार जाते, तिथपर्यंत आपलाही हात जातो, हे त्या पेनड्राइव्हनं दाखवलं. रोजचं काम मी साध्या खात्यावरून करते, आणि नवं काही बसवायचं तर वेगळा पासवर्ड लागतो. फाइलींची पूर्ण नावं शेपटासकट दिसतील अशी सोय करून ठेवली आहे. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस चालू आहे, आणि जो कुणी तो बंद करायला सांगेल तो माझ्या लेखी चोर. फोटोंसाठी गिम्प, चित्रांसाठी इंकस्केप. दोन्ही फुकट आणि राजरोस. भाच्यानंच शिकून मला शिकवली.

तक्रारही केली. १९३० वर फोन केला, सायबर पोलिसांकडे अर्ज दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३व्या कलमात दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडण्याचा उल्लेख आहे आणि ६६व्या कलमात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. अर्जात ‘संशयिताचे नाव’ असा रकाना होता. तो कोरा सोडताना फार वाईट वाटलं.

आपल्या घराण्यात पूर्वी नाव सांगणारी माणसं होती. १९८६मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ हा व्हायरस लिहिला, त्यात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला. आपल्या धंद्याचा मूळ पुरुष म्हणजे जोसेफ पॉप. शिकलेला माणूस, पेशानं जीवशास्त्रज्ञ. १९८९मध्ये त्यानं एड्सची माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉप्या टपालानं पाठवल्या. संगणक ठरावीक वेळा सुरू झाला की फाइलींची नावं कुलूपबंद होत आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीकडे पाठवायचं फर्मान निघे. तो पकडला गेला. तेव्हा मदतीचं निमित्त एड्सचं होतं, आता अपडेटचं आहे. मदत करतोय असं सांगून घरात शिरायची आपल्या घराण्याची रीत आपण चांगली राखली आहे.

आणि याच धंद्यात दुसऱ्या बाजूला कोण उभं आहे, तेही ऐका. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मायकेल गिलेस्पी नावाचा एक तरुण आहे. कुठलं कुलूप आहे ते ओळखून देणारी ‘आयडी रॅन्समवेअर’ ही फुकट सेवा त्यानं २०१६मध्ये सुरू केली. आपल्या कुलपाची फोडही त्यानंच केली. ऑक्टोबर २०१९मध्ये एमसिसॉफ्ट या संगणक-सुरक्षेच्या कंपनीनं आपल्या १४८ प्रकारांवर चालणारं साधन काढलं आणि एक पैसा न घेता लोकांना दिलं. आपल्याला डॉलर, त्याला लोकांचे आशीर्वाद. त्यातले काही मराठीतले असतील, कारण तो कोण हे कळल्यापासून मीही त्याला ते देते आहे.

ते साधन मीही चालवून पाहिलं. तेव्हा आपली आणखी एक खुबी समजली. आपलं कुलूप लागताना नेट बंद असेल तर त्या प्रकारात अडकलेल्या सगळ्यांना एकच किल्ली लागते, आणि चिठ्ठीतल्या ओळख क्रमांकाच्या शेवटी ‘टी१’ येतं. अशा लोकांतल्या कुणा एकाला किल्ली मिळाली की बाकीचेही सुटू शकतात. नेट चालू असेल तर किल्ली आपल्या सर्व्हरवरून येते, प्रत्येकाची वेगळी. माझ्या क्रमांकाच्या शेवटी टी१ नव्हतं. आमच्याकडे एरवी दुपारी नेट जातं. त्या दिवशी ते दिवसभर चालू होतं.

आता मूळ मुद्दा. यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामाबद्दल वाचून माझ्या वडिलांनी १९९४मध्ये एक टेपरेकॉर्डर आणला आणि आजीला समोर बसवलं. त्रेसष्ट वेळा बसवलं. २००९मध्ये मी त्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या, त्रेसष्ट एमपीथ्री फाइली. कॅसेटना पुढे बुरशी लागली, त्या टाकून दिल्या. आजी गेली, २०१५मध्ये वडीलही गेले. त्या त्रेसष्ट फाइली आपण बंद केल्यात.

त्या भाच्यानं उघडल्या. दोन महिने तो फोनवर वाचत होता. एक दिवस धावत आला. आपलं कुलूप पूर्ण फाइलला लागत नाही, फक्त सुरुवातीच्या दीडशे केबीला लागतं. आपल्याला घाई असते, कुणाचं लक्ष जाण्याआधी हजारो फाइली उरकायच्या असतात. म्हणून छोटी फाइल पूर्ण मरते. पत्रिका, प्रकरणं, पत्रं गेली ती गेलीच. पण मोठ्या फाइलीचं फक्त डोकं उडतं, धड शाबूत राहतं. त्यानं शेपूट काढलं, बंद झालेला तुकडा कापला आणि फाइल लावली.

आजी म्हणायला लागली. मध्येच, अर्ध्या शब्दापासून.

त्या फाइलींच्या हिशेबात दीडशे केबी म्हणजे नऊ-दहा सेकंद. ऐकताना पहिल्यांदा नुसता आनंद झाला, बहिणीला फोन केला. तिसऱ्या फाइलपाशी माझ्या लक्षात आलं की त्या नऊ-दहा सेकंदांत काय होतं. टेपची खरखर, आणि मग वडिलांचा आवाज. तारीख सांगायचे, ओवी माहेरची की भावाची ते सांगायचे, आणि म्हणायचे, “हं, आई, म्हण.” प्रत्येक वेळी. त्रेसष्टही वेळा. मग ते गप्प बसायचे आणि आजीचं सुरू व्हायचं. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच होता, दुसरीकडे कुठेच नाही.

आपल्याला हे माहीत असायचं कारण नाही. आपण फाइलींची नावंसुद्धा वाचत नाही. आणि मला आपल्याला सांगायचंय तेही एवढंच, की आपण घेतलंत ते काय होतं. एकूण दहा मिनिटांच्या आसपास. ९८० डॉलर.

बंद असलेल्या त्या त्रेसष्ट मूळ फाइली मी पुसलेल्या नाहीत. वेगळ्या डिस्कवर घेऊन लाडूच्या जुन्या डब्यात ठेवल्या आहेत. डब्यावर तारीख आहे आणि चिकटपट्टीवर माझा ओळख क्रमांक आहे. असे सर्व्हर कधीतरी पोलिसांच्या हाती लागतात आणि किल्ल्या बाहेर येतात, असं याआधी घडलेलं आहे. भाचा आता सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी आला की हातपाय धुवायच्या आधी फोनवर नव्या किल्ल्यांची बातमी बघतो. मला काही विचारत नाही, मान हलवतो, मग जेवायला बसतो.

आपल्याकडे ती किल्ली असेल. अजूनही असेल. एका ओळीची ती फाइल आपल्याला पाठवायला एक सेकंद लागेल, आणि माझं आपल्याकडे दहा मिनिटांचं येणं आहे. हात जोडून मागते. पैसे मिळणार नाहीत.

कळावे. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. तो शब्द मी आपल्यासाठी लिहू शकत नाही.

आपली,
त्रेसष्ट ओव्यांची वारसदार

ता. क. चिठ्ठीत म्हटल्याप्रमाणे एक फाइल आपण नमुन्यादाखल फुकट सोडवता. तिच्यात मौल्यवान काही असू नये, ही आपली अट. क्रमांक एकोणचाळीसच्या फाइलमध्ये आजीला खोकला आला होता आणि ओवी झालीच नाही. तिच्यात फक्त “हं, आई, म्हण” एवढंच आहे.